पहिल्या वचनासाठी पप्पांना पत्र

कॉव्हेंट्री, इंग्लंड
लेंटचा दुसरा रविवार

प्रिय पप्पा आणि आई,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

पप्पा, गुड फ्रायडेच्या तीन तासांच्या उपासनेत यंदा येशूच्या वधस्तंभावरच्या सात वचनांपैकी पहिलं, 'हे बापा, त्यांना क्षमा कर', तुमच्याकडे आलंय, हे आईने सांगितलं. "तुझ्या गावच्या त्या पडक्या चर्चबद्दल नीट लिहून पाठव, भाषणात घेतो," असा तुमचा निरोपही मिळाला. फोनवर हे सांगून झालं नसतं, म्हणून लिहायला बसलेय. पत्र लांबणार आहे, सावकाश वाचा. शेवटी थोडं घरचंही लिहिलंय, ते भाषणासाठी नाही.

आधी चर्चचं. सेंट मायकलचं हे चर्च मूळ चौदाव्या-पंधराव्या शतकातलं. 1918 मध्ये त्याला कॅथीड्रलचा, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, दर्जा मिळाला. 14 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर हल्ला केला. संध्याकाळी सातनंतर सुरू झालेला मारा जवळजवळ अकरा तास चालला. इथे मोटारींचे आणि विमानांच्या सामानाचे कारखाने होते, म्हणून हे शहर निवडलेलं. एका रात्रीत साडेपाचशेहून जास्त माणसं गेली, चार हजारांवर घरं जमीनदोस्त झाली. मृतांना एकत्र पुरावं लागलं. कॅथीड्रलचे प्रमुख पाळक रिचर्ड हॉवर्ड काही जणांना घेऊन छपरावर चढले होते. आगीचे बॉम्ब पडतील तसे वाळू टाकून विझवत होते. शेवटी वाळू संपली, पाणी संपलं आणि छप्पर पेटलं. आतून क्रूस, मेणबत्त्यांचे स्टँड, जे हाताला लागलं ते त्यांनी बाहेर काढलं आणि चर्च जळताना बघत उभे राहिले. बाहेरच्या भिंती आणि उंच मनोरा एवढंच वाचलं. ते आजही तसंच उभं आहे, वर आभाळ उघडं.

पुढे जे झालं ते तुमच्या कामाचं आहे. चर्चच्या गवंड्याला ढिगाऱ्यात छपराच्या दोन जळक्या तुळया एकमेकींवर आडव्या पडलेल्या दिसल्या. त्याने त्या बांधून क्रूस केला. दुसऱ्या एका पाळकाने छपरातून पडलेले मध्ययुगातले तीन लांब खिळे घेऊन त्यांचा क्रूस केला. दगडधोंड्यांची वेदी रचली गेली. तेवढ्यात नाताळ आला. मारा होऊन सहा आठवडेही झाले नव्हते. त्या दिवशी बीबीसीवरून या अवशेषांतली उपासना देशभर ऐकवली गेली. हॉवर्ड म्हणाले, की कितीही कठीण असलं तरी सूडाचे विचार मनातून काढून टाकायचा आम्ही प्रयत्न करतोय, आणि हे सगळं संपल्यावर आम्हाला अधिक दयाळू, अधिक साधं, बाळ ख्रिस्ताला शोभेल असं जग उभारायचंय.

पप्पा, हे नीट बघा. आम्ही क्षमा केली, मन शांत झालं, असं हॉवर्ड म्हणाले नाहीत. प्रयत्न करतोय म्हणाले. कबरींवरची माती अजून ओली होती, बॉम्ब पडायचे थांबले नव्हते, लोकांना बदला हवा होता. अशा वेळी त्यांनी आधी दिशा ठरवली. मन मागून येईल तेव्हा येईल. क्षमेबद्दल मी लहानपणापासून जेवढी प्रवचनं ऐकली, त्यांत मन हलकं होण्याच्या गोष्टीच फार असायच्या. येशू मात्र मनाची वाट बघायला कुठेच सांगत नाही. वेदीपाशी दान घेऊन उभा असताना आठवलं, की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर दान तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा, असं तो सांगतो. जा म्हणतो. जाताना मनात काय असावं याविषयी एक शब्द नाही.

1948 मध्ये हॉवर्ड यांनी वेदीमागच्या भिंतीवर दोनच इंग्रजी शब्द कोरून घेतले: 'फादर फर्गिव्ह', म्हणजे बापा, क्षमा कर. 'त्यांना' हा शब्द त्यांनी मुद्दाम घातला नाही, कारण क्षमेची गरज बॉम्ब टाकणाऱ्यांना होती तशी ज्यांच्यावर बॉम्ब पडले त्यांनाही होती. तुमच्या वचनात तर 'त्यांना' आहे, तेव्हा भाषणात हा प्रश्न कोणीतरी विचारेलच. माझ्या मते उत्तर सोपं आहे. वधस्तंभावर टांगलेला तो एकटाच असा होता, की ज्याला स्वतःसाठी क्षमा मागायची नव्हती. आपण तशा जागी कधीच उभे नसतो. 1945 च्या फेब्रुवारीत ब्रिटिश आणि अमेरिकन विमानांनी ड्रेस्डेन जाळलं, त्यात पंचवीस हजारांच्या आसपास माणसं मेली. भिंतीवरचे शब्द कोरले गेले ते हे घडून गेल्यावर.

आणि कॉव्हेंट्रीची माणसं नुसते शब्द कोरून थांबली नाहीत, म्हणून मला हे चर्च जवळचं वाटतं. 1947 मध्येच त्यांनी जर्मनीतल्या कील शहराला खिळ्यांचा क्रूस नेऊन दिला. नव्या कॅथीड्रलचं बांधकाम चालू असताना जर्मन तरुण इथे आले आणि जुन्या चर्चच्या पडक्या खोल्या त्यांनी स्वतःच्या हातांनी दुरुस्त केल्या. 1965 मध्ये इथून तरुण मुलंमुली ड्रेस्डेनला गेली आणि बॉम्बहल्ल्यात पडलेलं तिथलं दवाखान्याचं बांधकाम उभारायला त्यांनी मदत केली. तो दवाखाना डीकनेस, म्हणजे चर्चच्या सेवाव्रती, भगिनींचा. मी परिचारिका आहे म्हणून असेल, पण या सगळ्यात मला तो दवाखानाच आठवत राहतो. नवं कॅथीड्रल 25 मे 1962 ला समर्पित झालं, जुन्याला अगदी खेटून. जुनं पाडलं नाही आणि झाकलंही नाही. काय झालं होतं ते उघड्यावर ठेवलंय.

दर शुक्रवारी दुपारी बारा वाजता त्या उघड्या अवशेषांत समेटाची प्रार्थना होते. ती 1958 मध्ये लिहिली गेली. एका राष्ट्राचा दुसऱ्याविषयीचा द्वेष, दुसऱ्याचं ते आपलं व्हावं हा हव्यास, दुसऱ्याच्या सुखाचा हेवा, बेघर आणि निर्वासितांविषयीची बेपर्वाई, गर्व, अशी एकेक गोष्ट देवापुढे ठेवायची आणि प्रत्येकीनंतर सगळ्यांनी तेच दोन शब्द म्हणायचे. पाचसात मिनिटांत आटोपतं. पाऊस असला तरी होतं. माझी रात्रपाळी सुटून झोप झाली असेल तर मी जाते. पहिल्यांदा वाटलं होतं, युद्ध संपून इतकी वर्षं झाली, अजून दर आठवड्याला तेच कशाला? मग येशूचा शिष्य पेत्र याचा प्रश्न आठवला. भावाने अपराध केला तर किती वेळा क्षमा करू, सात वेळा? आणि येशूचं उत्तर, साताच्या सत्तर वेळा. मी समजत होते, की भाऊ नवनवे अपराध करतो त्याविषयी हे आहे. आता वाटतं, अपराध एकच असला तरी तेवढ्या वेळा लागतात, कारण तो तेवढ्या वेळा आठवतो.

वॉर्डात आम्ही खोल जखम वरून शिवून टाकत नाही. वरची कातडी आधी जुळली तर आत पू साचतो. ती तळापासून भरू द्यायची, रोज उघडायची, धुवायची, पुन्हा पट्टी बांधायची. महिना महिना लागतो. शुक्रवारची प्रार्थना मला तशी वाटते, आणि प्रभूची प्रार्थनाही. 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' हे येशूने रोजच्या भाकरीच्या लगेच पुढे ठेवलंय, म्हणजे रोजच लागणारं.

आई विचारत होती, तुला तिथे कोणी त्रास देत नाही ना. आई, एकदा दिला. एका आजोबांच्या पायाची पट्टी दिवसातून दोनदा बदलायची होती आणि मी दिसले, की ते माझ्या रंगावरून, देशावरून नको ते बोलायचे. मी वॉर्डच्या प्रमुख सिस्टरकडे लेखी तक्रार केली, त्यांनी आजोबांना स्पष्ट समज दिली. आणि पट्टी मीच बदलत राहिले, दुखणार नाही अशी. तिथल्या एका मैत्रिणीला हे दोन्ही एकत्र पटेना. ती म्हणाली, तू ख्रिस्ती, मग तक्रार कशी केलीस? मी तिला योहानाच्या शुभवर्तमानातला प्रसंग सांगितला. महायाजकासमोर शिपायाने येशूला चपराक मारली, तेव्हा त्याने विचारलं, मी वाईट बोललो असेन तर सिद्ध कर, योग्य बोललो असेन तर मला का मारतोस? दुसरा गाल पुढे कर म्हणणाराच हे विचारतो. त्याने मारणाऱ्याला उलट मारलं नाही, शापही दिला नाही. पण मारलं ते बरोबर होतं, असंही त्याने होऊ दिलं नाही.

पप्पा, हे तुमच्या भाषणात जरूर घ्या. आपल्या मंडळ्यांत नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेल्या बाईला 'साताच्या सत्तर वेळा' ऐकवून परत पाठवतात, तेव्हा मला फार संताप येतो. प्रभूच्या वचनाचा तो गैरवापर आहे. क्षमा करायला मार खात त्याच घरात राहावं लागतं, असं येशूने कुठे सांगितलंय? गुड फ्रायडेला समोरच्या बाकांवर अशा बायका बसलेल्या असतात. तुम्ही एक वाक्य बोललात तरी त्यांना आधार होईल.

उदाहरण आपल्या देशातलं हवं असेल तर ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्लॅडिस स्टेन्स यांचं सांगा, तुमच्या वयाच्या सगळ्यांना ते आठवेल. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम आणि दहा व सहा वर्षांची दोन मुलं, फिलिप आणि टिमथी, यांना गाडीत जिवंत जाळलं. त्या म्हणाल्या, मी क्षमा केली आहे. कायद्याने आपलं काम करावं, हेही म्हणाल्या. आणि त्यानंतरही काही वर्षं त्या बारिपदाला राहून कुष्ठरोग्यांची सेवा करत राहिल्या. 2005 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खटला एकीकडे चालला, क्षमा एकीकडे. एकीने दुसरीला अडवलं नाही.

भाषणाचं इथे संपलं. आता घरचं.

पप्पा, आजोबांच्या मागे वारसनोंद करताना काकांनी तुमचं नाव घातलं नाही, हा अन्याय आहे. तो लहान नाही. जमीन दोन एकर आहे की वीस, हा प्रश्नच नाही. आजोबांच्या सातबाऱ्यावर त्यांच्या थोरल्या मुलाचं नाव नसावं, याचं दुःख मला कळतं. प्रांतांकडे केलेलं अपील मागे घ्या असं मी म्हणणार नाही. चालू ठेवा. मोजणी करून घ्या, कागद गोळा करा, वकिलांच्या फीला मी पैसे पाठवतेय ते त्यासाठीच.

पण काकांची बायपास झाली आणि तुम्ही त्यांना बघायला गेला नाहीत. आई एकटी गेली. उपासना संपल्यावर चर्चच्या दारात काकू समोर आल्या, की तुम्ही चपला घालायला दुसऱ्या बाजूने जाता, हेही आईने सांगितलं. तिच्यावर रागावू नका, ती रडून सांगत होती. आधी काकांनी चूक कबूल करावी, मग बघू, असं तुम्ही म्हणता. हॉवर्ड यांनी कोणाच्या कबुलीची वाट बघितली नाही. वधस्तंभावरून पहिलं वचन निघालं, तेव्हा खाली शिपाई त्याच्या कपड्यांवर चिठ्ठ्या टाकत होते. पश्चात्ताप कोणालाच झालेला नव्हता.

गुड फ्रायडेच्या आधी एकदा त्यांच्या घरी जा. जमिनीचा विषय काढू नका, त्यांनी काढला तर सांगा, त्याचं अपीलमध्ये बघू, आज तुझी तब्येत बघायला आलोय. मन नसलं तरी जा. तुम्हीच आम्हा बहिणींना भांडण झाल्यावर एका ताटात जेवायला बसवायचा आणि आमची तोंडं फुगलेली असली तरी तुम्हाला चालायचं.

आई, तू बरोबर जा. काकांना आता तेल आणि मीठ कमी लागतं, तेव्हा शेव-चकली नेऊ नका, फळं न्या. औषधांच्या चिठ्ठीचा फोटो काकूंकडून घेऊन मला पाठव, रक्त पातळ करायची गोळी ते नियमित घेतात का ते मला बघायचंय. काकू सकाळी अकरानंतर मोकळ्या असतात.

कॅथीड्रलचे सहा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवलेत. जळक्या तुळयांच्या क्रूसाचा मोठा करून छापून घ्या, मागच्या बाकांवरून दिसला पाहिजे. भाषण लिहून झालं की मला वाचून दाखवा. या आठवड्यात माझी दिवसपाळी आहे, तुमच्या रात्री साडेदहानंतर फोन करते. काकांकडे कधी जाताय तेही तेव्हाच सांगा.

तुमची लेक