मांडुळाचा मस्कतकडचा भाऊबंद

मस्कत

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, गोठ्यामागे मांडूळ निघालं आणि लगेच कुणीतरी "विकायचंय का?" म्हणून दारात आलं, हे फोनवर ऐकल्यापासून माझा जीव त्यातच अडकलाय. फोनवर सगळं बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

इथे ओमानच्या वाळूत मांडुळाचाच एक लहानखुरा भाऊबंद राहतो. जेमतेम हातभर लांब, रंग वाळूचाच. दिवसभर वाळूखाली असतो. नाकाड फावड्यासारखं, खालचा जबडा वरच्याच्या आत बसलेला, त्यामुळे वाळूतून सरकताना तोंडात कण जात नाही. डोळे तर थेट माथ्यावर! अख्खं अंग गाडून घेतलं तरी तेवढे डोळे वर राहतात. रात्री एखादी पाल टप्प्यात आली की झडप घालतो आणि वेढ्यात आवळतो. विष अजिबात नाही. आपलं मांडूळ पिल्लांना जन्म देतं, हा मात्र अंडी घालतो. त्यांच्या कुळात असे थोडेच.

आई, तुला खरी गंमत सांगायची ती त्याच्या नावाची. शास्त्रीय नाव 'एरिक्स जयाकरी'. आत्माराम सदाशिव जयकर हे इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर एकोणिसाव्या शतकात मस्कतला होते. रोगी तपासता तपासता ते मासे, सरडे, साप जमवून लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवत. तिथल्या बूलांजे यांनी १८८८ साली या सापाला त्यांचं नाव दिलं. इथल्या डोंगरातल्या रानबकऱ्याच्या, ताहरच्या नावातही जयकर आहेत. शिवाय त्यांनी ओमानी म्हणीही गोळा केल्या! घरापासून इतक्या लांब येऊन एवढ्या मायेने इथली माती, माणसं, जीवजंतू बघणाऱ्या त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

तर बाबा, आपल्या मांडुळाचं. दोन तोंडं, गुप्तधन, वजनावर लाखांचा भाव, हे सगळं खोटं आहे. शेपूट बोथट असतं आणि घाबरलं की ते डोकं वेटोळ्यात लपवून शेपूट पुढे करतं, एवढंच. उकिरड्याजवळचे उंदीर खायला आलं असेल बिचारं. त्याला पकडणं, विकणं कायद्याने गुन्हा आहे. तो माणूस परत आला तर जागा दाखवू नका, वाद घालू नका, सरळ वनखात्याला कळवा. आणि गड्यालाही सांगून ठेवा, गोठ्यामागची माती सध्या उकरायची नाही.

आई, गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव.

तुमची लेक