साडेदहा तासांचे अंतर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

हे फोनवर सांगता आले असते, पण फोनवर आई लगेच "बरं बरं" म्हणते आणि बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून लिहीत आहे. टोरांटोच्या नोकरीला मी होकार कळवला आहे. करार तीन वर्षांचा असून जानेवारीत निघायचे आहे.

मी फार लांब चालले असे तुम्हाला वाटणार. पण लांब कशाला म्हणायचे, हे आपल्या घरात प्रत्येक पिढीने निराळे ठरवले. आजी हाकेने आणि कोसाने मोजायची. आजोबा मुंबईहून बोटीने येत आणि पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की मुंबई त्यांच्या लेखी चार महिने नकाशावरच नसे. बाबा, तुम्ही एसटी स्थानकाच्या खिडकीत बसून सारा जिल्हा वेळापत्रकाने मोजलात. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि मुंबई पाच-सहा तासांवर आली. डोंबिवलीहून माझे ऑफिस किती किलोमीटरवर आहे, हे मला आजही माहीत नाही. फास्ट मिळाली तर सव्वा तास, एवढेच मी सांगू शकते. बाबा, तुम्हाला आवडेल अशी एक गोष्ट म्हणजे, साऱ्या जगाची घड्याळे एका हिशोबात बसवण्याची कल्पना सँडफर्ड फ्लेमिंग या रेल्वे अभियंत्याने १८७९ मध्ये टोरांटोतच मांडली होती. गाड्यांच्या वेळा जुळेनात, म्हणून! तरीही आपल्या मुंबईने भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली स्वतःची वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही.

गेल्या श्रावणात बाबांच्या छातीत दुखले तेव्हा मी मुंबईतच होते, तरी घाटात दरड कोसळल्यामुळे पोचायला अकरा तास लागले. मग मुंबई काय नि टोरांटो काय, असे मी स्वतःला समजावत असते. हा युक्तिवाद लंगडा आहे, हे मलाही कळते. उशिरा का होईना, त्या पहाटे मी बाबांचा हात धरला होता.

म्हणून सगळी व्यवस्था करूनच निघणार आहे. इन्व्हर्टरची बॅटरी नवी बसवली जाईल, गॅसचे दुसरे सिलिंडर भरून ठेवलेले असेल, आणि शेजारचे अण्णा रोज संध्याकाळी डोकावतील. बाबांनी रक्तदाबाची गोळी चुकवायची नाही आणि माळ्यावर चढायचे नाही, हे मी विनंती म्हणून लिहीत नाही.

आई, शाळेची सहल परतायला उशीर झाला की तू पडवीत बसून राहायचीस आणि मी आले की काही न बोलता ताट वाढायचीस. आजोबांचे खुशालीचे पत्र आठ दिवसांनी आले तरी आजी निवांत असे. मोबाइलवर माझी निळी खूण अर्ध्या तासात उमटली नाही, तर तुझा जीव खालीवर होतो. तेव्हा ऐक. हिवाळ्यात तुमचे सकाळचे सात म्हणजे माझे आदल्या रात्रीचे साडेआठ. मार्चमध्ये तिथली घड्याळे तासभर पुढे सरकली, की माझे साडेनऊ. रोज त्याच वेळी, तुमच्या चहाबरोबर, मी फोन करीन. रात्री माझ्यासाठी जागायचे नाही.

स्वयंपाकघरातले घड्याळ तू दहा मिनिटे पुढे ठेवतेस, ते तसेच राहू दे. मी ती दहा मिनिटे हिशोबात धरली आहेत.

तुमची,
चिमी