जुना डबा परत येणार नाही

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, नको ती बातमी आधी सांगून मोकळी होते. दिवाळीत ‘साफ करून आणते’ म्हणून नेलेला सीपीयू परत येणार नाही. नवा कंप्युटर घेतलाय, शनिवारी घेऊन येतेय. विचारलं असतं तर तुम्ही ‘चालतोय की अजून’ म्हणाला असता आणि मी गप्प बसले असते. रागवायचं तर समोर रागवा, फोनवर नको.

चालत नव्हता हो तो. हार्ड डिस्क पालीसारखी चुकचुकायची. त्यातल्या जुन्या विंडोज एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच बंद झालेत, आणि तुम्ही त्यावरच बँकेचं उघडायला बघता! माझी झोप उडायची. पैशांचं म्हणाल तर बोनस आला होता, कर्जबिर्ज काही नाही.

जमाखर्च मात्र जसाच्या तसा आहे, १९९६ पासूनचा. पहिल्या रात्री पोटात गोळा आला होता, खोटं कशाला बोलू. नवी विंडोज ११ फक्त ६४ बिटची आणि तुमचा जमाखर्च ज्यात चालतो ते जुनं फॉक्सप्रो १६ बिटचं, दोघांचं जमेचना. राइट क्लिक करून कंपॅटिबिलिटीतले सगळे पर्याय पाहिले, तरी ‘या पीसीवर चालणार नाही’ एवढंच. शेवटी डॉसबॉक्स टाकलं. पोरं त्यात जुने गेम खेळतात. नव्या मशीनच्या पोटात ते एक जुनं, विंडोजच्या आधीच्या डॉसचं मशीन उभं करतं. त्याला तुमचा फोल्डर दाखवला आणि निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं आली: जमा, खर्च, शिल्लक, बाहेर.

३१ डिसेंबर १९९९ आठवतो? सगळे गच्चीवर, आणि तुम्ही ‘सेट सेंचुरी ऑन’ ही एक ओळ घालून साल चार आकडी करत बसला होतात. मी मांडीवर झोपलेली. बाराला उठवलंत आणि नव्या सालातली पहिली नोंद मला करायला दिलीत. परवा शोधली. आहे. किरकोळ, फुगे, ५ रुपये.

आई, तुझा पत्त्यांचा डावही आहे. आता मध्येमध्ये जाहिराती येतात, त्यांना हात लावू नकोस. आणि रात्री अकरापर्यंत खेळत बसू नकोस, साखर वाढते की नाही बघ.

बाबा, ‘जमाखर्च’ नावाच्या चित्रावर दोनदा क्लिक करा. मग ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबलंत की पडदाभर दिसेल, ऑपरेशन झालेल्या डोळ्याला ताण नको. बंद करताना कोपऱ्यातली फुली दाबायची नाही, ‘बाहेर’ वरूनच यायचं, नाहीतर नोंदी बिघडतील. एक तारखेला फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यायचाच. ‘तुमच्या कंप्युटरमध्ये व्हायरस आहे’ असा कुणाचा फोन आला तर काही न बोलता ठेवून द्यायचा. तुम्ही बोलत बसता, म्हणून सांगतेय.

एकच राहिलं. तुमच्या प्रिंटरची ती जाड पिन लावायला नव्या मशीनला जागाच नाही. त्यामुळे महिन्याचा हिशेब आता फाइलमध्ये उतरेल, तो मी इथून छापून पाठवत जाईन. कर्रकर्र आवाजाशिवाय महिना संपल्यासारखं वाटणार नाही, माहीत आहे मला.

जुना सीपीयू भंगारात घातलेला नाही. माझ्या पलंगाखाली आहे, आईच्या जुन्या साडीत गुंडाळून.

तुमची,
चिमी