दुसऱ्या जागेवरचे क्रियापद

चि. सई हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू मोठ्या हौसेने ‘हॉयटे इश ट्रिंके काफे’ (शब्दशः ‘आज मी पिते कॉफी’) हे जर्मन वाक्य ऐकवलेस आणि मी लगेच चूक दाखवली तेव्हा हिरमुसलीस, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे. साध्या जर्मन विधानवाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी बसते. पहिल्या जागी कर्ता असला तर प्रश्नच नाही. पण तिथे ‘हॉयटे’, म्हणजे ‘आज’, येऊन बसले की कर्त्याने मुकाट्याने क्रियापदाच्या मागे जायचे: ‘हॉयटे ट्रिंके इश काफे’. मात्र जागा म्हणजे शब्द नव्हे; ‘आज संध्याकाळी सहा वाजता’ एवढा सगळा ऐवज मिळून एकच जागा धरतो.

गंमत अशी की, ‘वाइल’, म्हणजे ‘कारण’, आले की हेच क्रियापद उठून थेट शेवटी जाते: ‘वाइल इश म्यूडे बिन’, कारण मी दमलेली आहे. शब्दांचा क्रम अगदी आपलाच! शिकताना मला इथे माहेरी आल्यासारखे वाटे.

विभक्तीलाही घाबरू नकोस. ‘डेअर हुंट बाइस्ट डेन मान’ म्हणजे कुत्रा माणसाला चावतो. ते उलटून ‘डेन मान बाइस्ट डेअर हुंट’ केले तरी चावणारा कुत्राच राहतो, कारण नामाआधी येणाऱ्या ‘डेअर’ या उपपदाचे (इंग्रजीतल्या ‘द’सारखे) जे ‘डेन’ झाले आहे ते इथे आपल्या ‘ला’चे काम करते. कर्माच्या जागी हा बदल फक्त पुल्लिंगी एकवचनात होतो. स्त्रीलिंगी ‘डी’ आणि नपुंसकलिंगी ‘डास’ तसेच राहतात.

खरी डोकेदुखी लिंगांची. तीन लिंगे आपल्याकडेही आहेत, पण मराठीतले लिंग तिकडे चालत नाही: चमचा ‘डेअर लोफेल’, काटा ‘डी गाबेल’, सुरी ‘डास मेसर’. मी या तिन्हींवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. त्यांतली चमच्याची चिठ्ठी आमटीत सापडल्यावर तुझी आजी जे बोलली ते शुद्ध मराठीत होते. मुलगी, म्हणजे ‘डास मेटशेन’, नपुंसकलिंगी का, असे तू विचारलेस. शेवटचा ‘शेन’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय आहे आणि तो लागला की नाम नपुंसकलिंगी होते. आपणही ‘ते पोर’ म्हणतोच की! म्हणून नाम पाठ करताना त्याचे ‘डेअर, डी, डास’ सोबतच पाठ कर.

रविवारी फोन करशील तेव्हा उशिरा का उठलीस ते ‘वाइल’ घालून सांग. क्रियापद येईपर्यंत मी मध्ये बोलणार नाही.

तुझी,
आई