‘मामाकडं गेलाय’ म्हणजे कुठं?

महोदय,

सप्टेंबर २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या एका कातकरी मुलीचा मृत्यू झाला. काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मुलं मेंढ्यांमागे राबायला दिली जातात, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. देणारे घरचेच होते. सगळ्या मेंढपाळांना दोष देण्याचं कारण नाही. वीटभट्टी, ऊसतोड, घरकाम इथंही हेच चालतं.

पटावर नाव आहे, मूल दिसत नाही आणि घरचे म्हणतात, ‘मामाकडं गेलाय.’ शिक्षकांनी मामाचं गाव विचारावं. मेंढपाळांचा वाडा, म्हणजे मेंढरांसह पडलेला मुक्काम, फिरता असतो, त्यामुळे दर खेपेला सांगितलेलं गाव बदलतं. पैसे कोणाच्या हातात आले, मूल दिवाळीला घरी आलं होतं का, हेही बोलता बोलता काढावं. पाहुण्याकडे राहणाऱ्या मुलाचं ‘साल’ (वर्षभराच्या कामाचा करार) भरत नसतं आणि त्याच्यावर ‘उचल’ही (कामापोटी आगाऊ घेतलेले पैसे) नसते. हे शब्द निघाले की ओळखावं.

मात्र घरच्यांना जाब विचारू नये. लगेच फोन जातो आणि रात्रीत मूल दुसऱ्या वाड्यावर. नाव, वय, कोणी व कधी नेलं, शेवटचा मुक्काम एवढं टिपून १०९८ (मुलांसाठीची मदतवाहिनी) किंवा ११२ (पोलीस) वर कळवावं. पोलिसांनी हद्दीचं कारण दिलं तर शून्य क्रमांकानं, म्हणजे हद्द न बघता, गुन्हा नोंदवायला लावावा.

नुसतं बालकामगार कायद्याचं कलम लागलं तर प्रकरण मालकाच्या दंडावर मिटायची भीती असते. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ लावायचा आग्रह हवा. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्याला पैसे देऊन संमती मिळवणं हा या कलमात तस्करीचाच एक मार्ग मानला आहे. मूल अल्पवयीन असेल तर किमान १० वर्षं सक्तमजुरी. ‘आईबापाच्या मर्जीनं ठेवलाय’ हा मालकाचा बचाव उलट त्याच्याच अंगाशी येतो.

सुटका झालेल्या मुलाशी बोलताना नातेवाईक खोलीत नको. ‘मारलं का?’ विचारलं तर मूल ‘नाही’ म्हणतं; धाकटी बहीण अजून घरीच असते ना, तिचं काय होईल ही भीती असते. ‘रात्री कुठं झोपायचास? मेंढरू हरवलं तर काय व्हायचं?’ असं विचारलं की हळूहळू बोलतं.

प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मूल बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं. सगळ्यात मोठी चूक इथं होते. ज्यानं उचल घेतली तोच काका आधार कार्ड घेऊन हजर होतो, हमीपत्र लिहून देतो आणि मूल घेऊन जातो. उचल फिटलेली नसते, म्हणून मूल पुन्हा वाड्यावर जातं. प्रांताधिकाऱ्यांकडून वेठबिगार मुक्तता दाखला मिळाला तर १९७६ च्या कायद्यानं ते कर्जच रद्द होतं आणि ३० हजारांपर्यंत तातडीची मदत मिळू शकते. त्यामुळे गृहचौकशी अहवाल आणि हा दाखला फायलीत लागेपर्यंत समितीनं मूल बालगृहातच ठेवावं. घरी सोडल्यावर निदान वर्षभर दर महिन्याला शाळेतली हजेरी मागवावी.

– बालसंरक्षणाचं काम करणारे कार्यकर्ते, नाशिक