भो, एका पोराचा तिसरा नंबर माझ्यामुळे गेला

प्रिय भो,

कसा शे? तीन महिने तुझ्या मेसेजला उत्तर दिलं नाही, एकदा तर फोन पण कापला, त्याची आधी माफी. आईचे गुडघे तसेच, माझी शुगर नॉर्मल, बाकी ठीक. आता हे ऐक. बायकोला सांगितलं तर म्हणाली दे पैसे आणि सोड विषय, आणि दादा एक्सरे काढला का एवढंच विचारत बसला.

तोरणमाळला डोंगरावरची रेस होती, 21 किलोमीटर. यशवंत तलावापासून निघायचं, घाटाने खाली, आणि तोच घाट चढून परत. म्हणजे पाय ताजे असताना उतार आणि संपत आल्यावर चढ. मी जूनपासून आठवड्यातून तीनदा पहाटे लळिंगचा किल्ला चढत होतो, पण उतरताना आरामात चालत यायचो आणि तिथेच चुकलं. उतारावर मांड्या सारख्या ब्रेक मारत असतात भो, चढावर त्यांना ती सवय लागतच नाही. माझा छातीवरचा नंबर 420 होता, तू असतास तर फिनिशपर्यंत त्यावरच बोलत राहिला असतास.

पाऊस थांबला होता पण धुकं असं की पुढचं वळण दिसेना. आठव्या किलोमीटरला मांड्या थरथरायला लागल्या, वळणावरच्या मुरुमावर डावा पाय सरकला आणि घोटा मुरगळला तो असा की मी रस्त्याच्या मधोमध बसलो. उठताच येईना. खालून जीपचा हॉर्न ऐकू येत होता. तेवढ्यात खालून पुढची पोरं चढत आली. पहिला गेला, दुसरा गेला, ते काठाने गेले, त्यांना मी दिसलोच नसेन. तिसरा थांबला. सतरा वर्षांचा असेल, शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट. म्हणाला, "काका, उठू नका, गाडी येतेय," आणि बगलेत हात घालून मला कठड्याकडे ओढलं. मी म्हटलं जा बाबा, तुझा नंबर जाईल. तर गेला नाही, खाली वळणावर जाऊन उभा राहिला आणि जीपला हात करून थांबवली. मग गळ्यातला रुमाल काढून माझा घोटा बांधला. बांधताना दोन पोरं वर गेली. त्याने मान वळवून ती मोजली भो. तोंडातल्या तोंडात, एक, दोन. आणि परत गाठ मारायला लागला. पाणीवाला वरून आल्यावरच निघाला. पाचवा आला. बक्षीस तिघांनाच, तिसऱ्याला पाच हजार.

आता तुला कळलं असेल मी तुलाच का लिहितोय. लळिंगला शाळेच्या रेसमध्ये तुझ्या पोटरीत गोळा आला होता आणि मी "येतो रे" म्हणून पुढे गेलो. तिसरा आलो, स्टीलचा डबा मिळाला. त्या डब्यावरून तू बारावीपर्यंत भांडलास, तुझ्या साखरपुड्यात सुद्धा काढलंस, आणि माझं एकच उत्तर, रेसमध्ये कोण थांबतं? तीस वर्षं हेच म्हणत आलो. त्या पोराला काय माहीत नव्हतं का रेसमध्ये थांबत नाहीत ते? माहीत होतं म्हणून तर मोजत होता. तुझं बरोबर होतं, मी थांबायला हवं होतं. हे फोनवर बोलता आलं नसतं म्हणून फोन कापला.

पाच हजार त्याच्या आश्रमशाळेच्या सरांकडे पाठवले तर आठ दिवसांत परत आले. सर म्हणाले, पोरगा विचारतो काकांना बाजूला बसवलं त्याचे पैसे कसले? मला इतकं वाईट वाटलं. त्याची आई तलावाजवळ आमचूर विकते. रेसच्या दिवशीच लंगडत जाऊन दोन किलो घेतलं आणि सुटे न घेता निघालो, तर बाई मागे पळत आली आणि हातात सुटे ठेवून गेली. मग काय करायचं? बूट घेतले तर ते पण पैसेच झाले ना? पण ते कॅनव्हासचे बूट डोळ्यासमोरून जात नाहीत, टाच पार घासलेली. सर सांगत होते पुढच्या वर्षी पोलीस भरतीला उतरणार, 1600 मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत काढतो, म्हणजे पूर्ण 20 मार्क. सरांच्या खोलीत कविता राऊतचा फोटो आहे, 2010 च्या कॉमनवेल्थमध्ये दहा हजार मीटरला ब्राँझ मिळालं तेव्हाचा. हिच्यासारखं पळायचंय असं तो लहानपणी म्हणायचा म्हणे, आता भरती म्हणतो. माझ्यामुळे एक सर्टिफिकेट कमी झालं का, तेवढंच डोक्यात फिरतंय. तुला काय वाटतं ते खरं सांग, मला बरं वाटावं म्हणून बोलू नको.

तुझ्या पोरीची दहावी कशी चाललीय? पुण्याच्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार, आमचूर त्यांच्यासाठी वेगळं काढून ठेवलंय.

पुढच्या रविवारी मी आश्रमशाळेत जाणार आहे, त्याच्या तोंडून ऐकायचंय. तू ये. शनिवारी रात्री धुळ्यात पोहोच, पहाटे शहाद्यावरून निघू. गाडी तुलाच चालवावी लागेल, माझ्या डाव्या पायाने अजून क्लच दाबला जात नाही.

तुझाच,
डबेवाला