बांबर्ड्याच्या वाटाड्या दादांचे जाहीर आभार

दादा, सप्रेम नमस्कार.

सिंधुदुर्गातल्या हेवाळे-बांबर्ड्याच्या राईतल्या रानजायफळाची तुम्ही पाठवलेली पानं आमच्या प्रयोगशाळेत पोचली आणि त्यांतून स्वच्छ डीएनए निघाला. डीएनए तपासायच्या जेलवर वरच्या बाजूला एकच ठळक पट्टा, खाली तुकड्यांचा पसारा नाही!

या रानजायफळाचं, म्हणजे मिरिस्टिकाचं, पान भारी खोडकर. देठ मोडला की टॅनिनने भरलेला लाल चीक येतो. पान सावकाश वाळलं तर काळं पडतं, पेशीतली एन्झाइम डीएनएचे तुकडे करतात. मग सीटॅबमध्ये (डीएनए काढायच्या द्रावणात) टॅनिन आवरायला २ टक्के पीव्हीपी घाला नाहीतर मर्कॅप्टोइथेनॉल वाढवा, नळीच्या तळाशी तपकिरी चिकट गोळाच बसतो. पीसीआर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक भागाच्या असंख्य प्रती काढणं, बहुधा चालत नाही. चालला तर अधिक घोळ: मायक्रोसॅटेलाइटच्या (डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या) दोन अलीलांपैकी, म्हणजे आईबापांकडून आलेल्या दोन प्रतींपैकी, लांब अलील तुटक्या डीएनएवरून वाढत नाही, आखूड तेवढा दिसतो आणि झाड उगाच समयुग्मी, म्हणजे दोन्ही प्रती सारख्या असलेलं, ठरतं. 'राईत अंतःप्रजनन (नात्यातल्याच झाडांचा संकर) फार' असा अहवाल जातो, आणि २०२१ साली जैवविविधता वारसास्थळ झालेल्या या राईत कुणीतरी बाहेरची रोपं लावायला निघतं.

यापूर्वी एका नावाजलेल्या ठिकाणाहून नमुने आले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत, ओल्या कापसात, वर पसरलेल्या शाईचे आकडे. पत्राचं लेटरहेड मात्र झकास.

कोवळं पण पूर्ण उघडलेलं पान, मधली शीर काढलेली, कागदी पाकीट, पानाच्या वजनाच्या दहापट सिलिका जेल (ओल शोषणारे निळे खडे), हे सगळं कळवलेलंच होतं. पण पाकिटामागे पेन्सिलीने लिहिलंय, 'खडे गुलाबी झाले, रात्रीच बदलले'. हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. निळा खडा गुलाबी झाला की त्याची ओल शोषायची ताकद सरली. सकाळी बघू म्हणून कुणीही झोपलं असतं, आणि तेवढ्या वेळात पान काळवंडलं असतं. शिवाय कुठल्या झाडावर फळं होती तेही तुम्ही टिपलंत. रानजायफळात नर-मादी झाडं वेगळी, त्यामुळे नुसत्या झाडांच्या मोजणीवरून पुढच्या पिढीचे आईबाप किती ते समजत नाही. कुणी तपासायला नसताना इतकं नेटकं काम करणारी माणसं आहेत, म्हणून आमच्या आकड्यांना अर्थ आहे.

आणि हो, ते गुलाबी खडे टाकू नका, आम्हाला परत पाठवा. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर तापवले की पुन्हा निळे होतात. फक्त घरच्या कढईत भाजू नका, त्यात कोबाल्ट असतं.